टायर बदलण्याआधी कारण शोधा

आमच्या जुन्नर तालुक्यात माळव्याची वाहतूक करणाऱ्यांच्या मनात एक समज पक्का बसला आहे : पिकअप नवी आहे तोवर टायरकडे बघायचं कारण नाही. नारायणगावचा टोमॅटो नाहीतर ओतूरचा कांदा भरायचा, माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड-कल्याणमार्गे वाशी गाठायची. टायरचा विचार दोन वर्षांनी. पण नव्या गाडीचेच टायर एका कडेने खाल्लेले मी वारंवार पाहतो, आणि लोक कारण न शोधता नवा टायर चढवतात तेव्हा जीव तुटतो. तो नवा टायरही त्याच जागी, तसाच झिजतो. टायरची जोडी घ्यायला कितीतरी फेऱ्यांचा नफा घालावा लागतो. म्हणून जे हाताने तपासून कळलं, ते इथे मांडतो आहे.

१. आधी झीज कुठे आहे ते बघा.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत राहिली, तर हवा कमी आहे किंवा वजन जास्त आहे. मधला पट्टा गेला आणि कडा उंच राहिल्या, तर हवा जास्त. एकच कड गुळगुळीत सपाट झाली असेल तर चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याला कॅम्बर म्हणतात. नक्षीच्या बटणांना करवतीसारखी धार आली असेल तर चाकांची तोंडं सरळ पुढे नाहीत, म्हणजे टो बिघडला आहे. जागोजागी खळगे पडले तर शॉकअप, बॅलन्सिंग किंवा बेअरिंगकडे बघायचं. एकाच जागी चट्टा घासला गेला असेल तर ब्रेक लागून चाक जाम झालं आणि तसंच घसरत गेलं.

एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं. मिस्त्रीकडे जाऊन ‘टायर खातोय’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘डाव्या पुढच्या टायरची आतली कड खातेय, धार लागतेय’ असं सांगितलं की तो नेमक्या जागी हात घालतो.

२. आतली कड मुद्दाम बघावी लागते.

हा माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा धडा. गाडीजवळ उभं राहिलं की टायरची बाहेरची बाजू दिसते. इंजिनकडची कड मडगार्डच्या आत लपलेली असते. आमची पिकअप वर्षाचीही नव्हती, तेव्हा टोकावड्याच्या अलीकडे चहाला थांबलो असताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळलेलं होतं आणि डाव्या पुढच्या चाकाची मागची बाजू बाहेर आली होती. बाहेरून नवाकोरा दिसणारा तो टायर आतल्या चार बोटांत जवळजवळ गोटा झाला होता. टायरवर तळहात आडवा फिरवून पाहिला. आतून बाहेर नेताना हात सुळकन गेला. बाहेरून आत नेताना बटणांच्या कडा बोटांना टोचल्या. धार बाहेरच्या दिशेने आली की चाकांची तोंडं बाहेर फाकलेली असतात, त्याला टो-आउट म्हणतात. धार आतल्या दिशेने असती, तर तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत असं समजायचं. उजव्या टायरवरही तीच खूण होती, जरा कमी.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, ‘दादा, लोडची गाडी आहे, एवढं चालायचंच.’ मला ते पटलं नाही. लोडने मागचे टायर आधी खायला हवेत, आणि दोन्ही कडांनी. पुढचा टायर फक्त आतून का जावा?

गावातल्या मिस्त्रीने टेपने मोजून दाखवलं. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी केली. पुढच्या दोन्ही टायरांवर मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, नक्षीच्या एकाच ओळीत खडूने खूण केली आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजलं. मग गाडी ढकलून चाकं अर्धा फेरा पुढे नेली, म्हणजे त्याच खुणा पुढच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर आल्या. पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ६ मिलिमीटर जास्त निघालं. गाडीच्या पुस्तिकेत उलट सांगितलं होतं : पुढचं अंतर किंचित कमी हवं.

६ मिलिमीटर ऐकायला फार वाटत नाही. पण साधारण ७०० मिलिमीटर उंचीच्या टायरला याचा अर्थ प्रत्येक चाक सुमारे पाव अंश तिरकं. पाव अंश तिरकं चाक दर किलोमीटरला चार मीटरांहून जास्त आडवं फरफटतं. शंभर किलोमीटरला चारशे मीटर. तेवढं रबर रस्त्यावर राहतं, आणि डिझेलही जास्त जळतं.

कारण साधं होतं. टाय रॉडच्या एका टोकाचा लॉक नट ढिला होता; धक्क्या-धक्क्याने रॉड आपली जागा सोडत गेला. रॉड पुन्हा मापात आणून नट कसला, काम संपलं. टायर मात्र गेलाच.

३. हवा थंड टायरमध्ये मोजा, आणि मागची वेगळी मोजा.

पिकअपमध्ये गडबड होते ती मागच्या चाकांत. रिकाम्या गाडीचं वजन पुढे जास्त असतं, आणि हौद्यात भरलेला माल जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर बसतो. त्यामुळे भरलेल्या गाडीला मागे पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत हे आकडे दिलेले असतात, बऱ्याच गाड्यांना रिकाम्याचे वेगळे आणि लोडचे वेगळे. टायरच्या अंगावर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते. रोज तेवढी हवा भरायची नसते.

पंपावरचा पोरगा चारही चाकांत एकच आकडा मारतो. मग भरून जाताना मागचे टायर कडांवर चालतात आणि पुढचे मधल्या पट्ट्यावर. परतीला गाडी रिकामी येत असेल आणि मागे लोडची हवा असेल, तर मागचा मधला पट्टा झिजतो; हे दुखणं रिकाम्या फेऱ्या जास्त असणाऱ्यांना होतं. घाट उतरून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. ती हवा सोडू नका. सकाळी गाडी निघण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजा.

४. टायरवरचा वजनाचा आकडा वाचा.

टायरच्या मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा वजनाचा : १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मागचे दोन टायर ११२ चे असतील तर दोघांवर मिळून २२४० किलो, आणि त्यात गाडीचं स्वतःचं मागचं वजनही आलं. टोमॅटोचा क्रेट भरला की २० किलोच्या आसपास जातो. शंभर क्रेट म्हणजे दोन टन, क्रेटचं वजन वेगळं. दीड टनाच्या गाडीत शंभर क्रेट रचले की टायरच्या कडा जातात. याला कोणत्याही कंपनीचा टायर अपवाद नाही.

५. नव्या गाडीचे यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या.

मागचा एक्सल पाट्यांना यू-बोल्टने बांधलेला असतो आणि पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. नव्या गाडीत पाटे लोड घेऊन बसतात, यू-बोल्ट किंचित सैल होतात. पहिल्या सर्व्हिसला ते ठरलेल्या टॉर्कने कसायचे असतात. हे राहून गेलं तर पाटे घसरायचा ताण सेंटर बोल्टवर येतो, आणि तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे किंवा पुढे सरकतो.

माझ्या मावसभावाच्या गाडीत असंच झालं. सरळ रस्त्यावरही त्याचं स्टिअरिंग एका बाजूला धरलेलं असायचं. पुढचं अलाइनमेंट दोनदा झालं तरी टायर खायचे थांबेनात. मागून दुसऱ्या गाडीत बसून पाहिलं तर पिकअप तिरकी चालत होती. मागची चाकं पुढच्यांच्या माळेत नव्हती. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला. दोन बाजूंच्या मापांत उघड फरक होता. मागचा एक्सल सरकलेला असताना पुढे कितीही सेटिंग करा, उपयोग नाही.

६. पाटा वाढवण्याआधी ब्रेकचा विचार करा.

नवी गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात मागे जादा पाटा टाकायचा, ही आपल्याकडची पद्धत मला अजिबात मान्य नाही. पाटा वाढवल्याने टायरची ताकद वाढत नाही. शिवाय बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी लोडने खाली बसली की तो मागच्या ब्रेकना जास्त जोर देतो, रिकामी असली की कमी. पाटा वाढवला की भरलेली गाडीही उंचच राहते. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर आणि पुढच्या टायरांवर येतो. माळशेजच्या उतारावर हा प्रश्न टायरच्या खर्चापुरता राहत नाही. पाटे बदललेच असतील तर तो व्हॉल्व्ह सेट करून घ्या.

७. जॅक लावून चाक हलवा.

पुढचं चाक उचला, खाली स्टँड द्या. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग. चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल किंवा फेरीनंतर एकच चाक चटका बसेल इतकं तापत असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय.

८. अलाइनमेंटचा कागद मागा.

आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हवा बरोबर करून आणि वरचे सगळे सांधे तपासूनच गाडी मशीनवर चढवायची. ढिल्या सांध्यांवर केलेलं सेटिंग पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतं. पुढे अखंड एक्सल असलेल्या गाडीत सहसा टोच सेट होतो. कॅम्बर चुकलेला निघाला तर किंग पिन झिजला आहे किंवा एक्सल वाकला आहे. एक्सल गॅसने तापवून सरळ करून देणारे हायवेला भेटतात. त्यांच्याकडे गाडी देऊ नका. तापवलेल्या लोखंडाची मूळची ताकद राहत नाही.

९. टायर फिरवत राहा.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला मागचे टायर सरळ पुढे आणि पुढचे अदलाबदल करून मागे, ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पद्धत. माप तेच असेल तर स्टेपनीही यात घ्या. टायरवर दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही. टायर हलवले की हवाही नव्या जागेप्रमाणे करा. मात्र कारण न काढता नुसते टायर फिरवले तर चारही टायर सारखेच खराब होतात.

१०. तक्रार लवकर करा, फोटोसह.

टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही. अलाइनमेंट किंवा हवेमुळे झालेली झीज ती कंपनी सहसा धरत नाही. म्हणून पहिल्या दोन सर्व्हिसमध्येच चारही टायरांची खोली आत, मध्ये आणि बाहेर मोजून जॉब कार्डावर लिहून घ्या. तीन जागांचे आकडे कागदावर आले की ‘लोडची गाडी आहे’ या उत्तराने कोणी वाटेला लावू शकत नाही.

आता एकच विनंती. पावसात घाटात गाडी घालण्याआधी पुढची चाकं एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा आणि आतल्या कडेवर हात फिरवा. पिकअपच्या टायरला नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेतल्या खुणेच्या उंचवट्याला रबर टेकलं की ती मर्यादा आली. आतली कड तिथवर पोचली असेल तर बाहेरची बाजू कितीही नवी दिसो, तो टायर उतरवा, आणि नवा चढवायच्या आधी टाय रॉड, यू-बोल्ट आणि हवा तपासून घ्या.