बॅकअपच्या खात्याला हक्क किती द्यावेत?



लागणीची तारीख, उसाची जात, काट्यावरचे वजन हे सारे आता संगणकात असते. शेतकी खात्याने यात कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण लागणीची नोंद आमच्याच वहीतून तिथे जाते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे. नोंदच गेली तर बिल कशावरून काढणार?

म्हणून रोज रात्री नोंदींची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, काढतात. हे काम प्रोग्रॅमच करतो आणि जोडलेल्या संगणकांत शिरायला त्याला स्वतःचे खाते लागते. त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. बसवणारा पुष्कळदा त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क देऊन मोकळा होतो. काम चालते खरे, पण पासवर्ड फुटला की काट्यापासून बिलापर्यंत दारे उघडी, आणि बॅकअपही चोराच्याच हातात! मे 2017 मधल्या वॉनाक्रायने फायली तर कुलूपबंद केल्याच, शिवाय विंडोजने त्याच संगणकावर राखलेल्या जुन्या प्रतीही पुसल्या.

आमच्या मते या खात्याला नोंदी वाचण्याचा आणि नवी प्रत लिहिण्याचा हक्क पुरे. जुनी प्रत पुसण्याचा देऊ नये. कीबोर्डवर बसून लॉगिन करण्याचाही काढून घ्यावा. विंडोजमधला ‘बॅकअप ऑपरेटर्स’ गट नावाने गरीब वाटतो. पण त्यातल्या खात्याला फायलीवरचे निर्बंध ओलांडून वाचता येते, आणि प्रत परत भरताना चालू फायलीवर लिहिताही येते. सोय म्हणून कारकुनाला किंवा चिटबॉयला त्यात घालू नये.

गाळपाआधी एका गटाच्या गेल्या हंगामाच्या नोंदी वेगळ्या संगणकावर परत भरून पाहाव्यात आणि सभासदांकडच्या काटापावत्यांशी वजने ताडून घ्यावीत.