सहा शहरांचा तक्ता

पुणे
फेब्रुवारी

चि. मनू हिस,


तुझा सुट्टीचा तक्ता ताईने मला पाठवला. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. रात्री बसमध्ये झोपायचं आणि दिवसा फोटो काढायचे. स्वस्तात बसवलं आहेस, शाबास! पण अशी धावाधाव इथून सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांना शोभते, त्यांची रजा संपत आलेली असते. तुला तिथे बर्लिनला शिकत दोन वर्षं काढायची आहेत. यातली चार शहरं सरळ खोडून टाक. पॅरिस कुठे पळून जात नाही.

सुरुवात बर्लिनपासूनच कर. यू-३ ने डालेमला जा आणि ईनेश्ट्रासवर २२ नंबरची इमारत शोध. आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९२७ ते १९४५ पर्यंत तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. आजीच्या कपाटात ज्यांचं ‘युगान्त’ आहे, त्या इरावती कर्वे याच संस्थेत डॉक्टरेटचं काम करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वावर श्रद्धा असलेले मोठे प्रस्थ. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी काही संबंध आहे का, हा विषय. बाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि असा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून मोकळ्या झाल्या. परक्या मुलखात, परक्या भाषेत, गाईडला नको असलेलं उत्तर! १९३० मध्ये पदवीही मिळवली. पुढे युद्धाच्या काळात आउश्वित्झच्या छळछावणीत नाझी डॉक्टर मेंगेलेने मारलेल्या माणसांचे अवयव तपासणीसाठी याच इमारतीत येत. दाराशी पाटी आहे, तीत संस्थेची आणि मेंगेलेची ही हकीकत आहे, इरावतीबाईंची नाही. भाषांतराचं अ‍ॅप न उघडता वाच, तेवढं जर्मन आता तुला यायला हवं. तुझ्या तक्त्यात डालेम नव्हतं, याचं मला जरा वाईट वाटलं.

परत येताना मान खाली घालून चाल. फुटपाथच्या दगडांत मधेच दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन दिसेल. ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, नाझींनी कुठल्या तारखेला उचलून नेलं आणि कुठे मारलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं, आता युरोपभर असे दगड आहेत. काही जागी एकाच दारासमोर चार-पाच असतात, आईबाप आणि मुलं. जन्मसालं नीट बघ.

दुसरं गाव ग्योरलित्स. सेमेस्टर तिकिटावर साध्या गाड्या देशभर चालतात, आयसीई या जलद गाडीत मात्र चुकूनही बसू नकोस, दंड भरशील. कोटबुसला गाडी बदलायची. गावाच्या मधून नायसे नदी वाहते. १९४५ मध्ये तीच सीमा ठरली, आणि पूर्वेकडचा भाग पोलंडमध्ये जाऊन झ्गोझेलेत्स झाला. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुना पूल उडवला होता, तो थेट २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. तो पायी ओलांड. पलीकडच्या घरांतून जर्मनांना घालवून तिथे पोलिश माणसं वसवली गेली, त्यांतली बरीच स्वतःच आणखी पूर्वेकडून हुसकलेली होती. फाळणीच्या निर्वासितांचं उल्हासनगर ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिथे एक रात्र राहा. पहिल्या संध्याकाळी सगळीच गावं पोस्टकार्डासारखी दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीतल्या रांगेत उभं राहिलं की माणसं दिसायला लागतात.

आणि वर्गातल्या कुणी घरी बोलावलं, तर तिकीट बुडालं तरी चालेल, पण जा. वेळेवर जा, आपल्यासारखं अर्धा तास उशिरा नाही. फुलं किंवा घरी केलेल्या चकल्या ने. केक आवडला नाही तरी ताटलीत टाकू नकोस. आपल्या मराठी मुलामुलींबरोबर शनिवारी खिचडी-कढी कर, त्याला माझी ना नाही. पण बाकीचे सहाही दिवस मराठीत हिंडलीस, तर बर्लिन काय आणि कोथरूड काय! हो, आणि रविवारी मिक्सर लावू नकोस. तिथे रविवारची शांतता कायद्याने पाळतात, शेजारच्या आजीबाई दार वाजवतील. चटणी शनिवारीच वाटून ठेव.

कागदपत्रांचं सांगते. तुझ्या जर्मनीत राहण्याच्या परवान्यावर शेंगेनमधल्या इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, म्हणून निर्धास्त असशील. पण २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली. परत येताना पोलीस गाडीत चढतात आणि आपल्या रंगाच्या माणसाकडे आधी येतात, हेही ऐकून ठेव. मूळ पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवीत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. विचारलं तर शांतपणे दाखव आणि पुन्हा पुस्तकात डोकं घाल.

प्राग ठेवलंस तर ठेव, पण दोन दिवस तरी राहा. पॅरिसचं पुढच्या वर्षी बघू. तेव्हा मी आले तर तुझी वाटाडी म्हणून गरज लागेल, म्हणून फ्रेंचचे चार शब्दही शिकून ठेव. ताईला मी समजावते. तू फक्त नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी