समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्र कसा शिकवू?

प्रश्न: मी सोलापुरात बालवाडीला शिकवते. ‘समुद्र’ हा विषय घेतलाय, पण बहुतेक मुलांनी तो पाहिलेलाच नाही. काय करू?

उत्तर: ताई, तक्ते नंतर लावा, आधी मुलांचे हात ओले होऊ द्या. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. तेवढं मुलांकडूनच विरघळवून घ्या, थेंबभर चाखू द्या. मग साध्या पाण्याच्या ग्लासात ताजं अंडं सोडा. ते बुडेल. मीठ घालत, ढवळत राहा. अंडं वर येतं. त्या वेळचा गलका अजिबात थांबवू नका! बाजारातून अख्खा बांगडा आणा, गालावरचं झाकण उचलून आतले लाल कल्ले दाखवा: मासा श्वास घेतो तो इथून. नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवा. प्लॅस्टिकच्या माशांवर मात्र पैसे घालवू नका.