गारगोटीचा खडा कसा करावा?

(इयत्ता ७ वी)

ओढ्याचे पाणी आटले की वाळूत पांढऱ्या, पिवळसर, तपकिरी गारगोट्या दिसतात. काहींच्या अंगावर कापलेल्या कांद्यासारख्या रेघा असतात. तो अकीक. उन्हात धरला की त्याच्या कडेतून उजेड दिसतो. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट त्यानेच काचेवर उठतो.

आपल्याकडचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन झाला. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका त्यांत थरावर थर साचली. खडक झिजला आणि अकीक सुटून ओढ्यात आला.

अंगठीत असतो तसा, खाली सपाट व वर फुगीर खडा करायला मी दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींकडून शिकलो. कृती अशी :

१) चपटी, तडा नसलेली गारगोटी घ्यावी. मोठा दगड कापायला हिऱ्याच्या कणांची चकती लागते. ते काम मोठ्या माणसांचे.

२) कार्बोरंडमच्या दगडावर पाणी घालून तळ सपाट घासावा. त्यावर अंडाकृती आकार आखावा.

३) मोठ्यांकडून लाख तापवून घेऊन खडा काडीच्या टोकाला चिकटवावा. आधी कडा घासाव्यात, मग वरची बाजू गोल करावी.

४) २२०, ४००, ६०० व १००० नंबरच्या वॉटर पेपरवर पाणी लावून क्रमाने घासावे. आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये.

५) शेवटी ओल्या चामड्यावर सेरियम ऑक्साइडची पूड घेऊन घासावे. खडा चकाकतो.

आता माझी चूक सांगतो. सारखे पाणी घालायचा मला कंटाळा आला, म्हणून एक दिवस ओसरीवर कोरडेच घासले. पांढरी धूळ उडाली. शेजारी माझी धाकटी बहीण खेळत होती, तिच्या केसांवरही बसली. गुरुजींना सांगितले तर ते म्हणाले, “अरे, पाणी कशासाठी सांगितलं होतं?” मग त्यांनी गुजरातमधल्या खंभातची माहिती दिली. तिथे घराघरांत अकीक घासतात. त्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. घरातल्या, शेजारच्या माणसांनाही होतो. तो बरा होत नाही. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी उघड्यावर, बहीण जवळ नसताना आणि पाणी घालूनच घासतो. घासल्यावर उरलेला चिखल वाळला तर पुन्हा धूळ होते, म्हणून तो ओला असतानाच पुसून घेतो.

पालकांना विनंती, ज्यांच्याकडे फरशी किंवा दगड कापायचे काम चालते त्यांनीही पाण्याची धार सोडूनच कापावे.

माझा खडा वर्गाच्या खिडकीत ठेवला आहे. १९ दिवस लागले. जरूर बघा!