मोजणी, सवय आणि माफक अपेक्षा

सवय लावून घेण्यासाठी मोजणीचा आधार घेणे ही गोष्ट नवी नाही. मोबाइलमधील आरोग्यविषयक ॲप पावले, झोप किंवा ध्यानाची मिनिटे मोजते; परंतु मोजणीचे लाभ आणि तिच्यातील धोके माणसाला फार पूर्वीपासून परिचित आहेत. तामिळनाडूतील गोविंदपुरम् या गावाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते.

कुंभकोणम् शहराजवळच्या या गावी सतराव्या शतकातील संन्यासी बोधेंद्र सरस्वती यांचे समाधिस्थान आहे. मराठी वाचकाला हा परिसर अगदीच परका नाही. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. तेथील भजनपरंपरेत मराठी अभंग आजही गाइले जातात. गोविंदपुरम् येथेच महाराष्ट्रातील मंदिरांच्या धर्तीवर विठ्ठल-रखुमाईचे मंदिर उभे असून २०११ साली त्याची प्रतिष्ठापना झाली.

बोधेंद्र दररोज एक लाख आठ हजार वेळा रामनामाचा जप करीत, असे परंपरा सांगते. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चोवीस तासांचे सेकंद होतात ८६,४००. दर सेकंदाला तीन नामे घेतली तरी हा जप पुरा व्हायला दहा तास लागतील. ज्याने सर्व आयुष्य एकाच कार्याला वाहिले, त्याचा हा आकडा आहे. शेतीभाती किंवा नोकरी सांभाळणाऱ्या गृहस्थाने तोच उचलला, तर आठवड्याच्या आत त्याच्या पदरी निराशा येईल. गृहस्थाला पुरते ती १०८ मण्यांची माळ. तिचे एक वैशिष्ट्य असे की मेरुमणी आला की तो ओलांडावयाचा नसतो. माळ उलट फिरवून पुन्हा पहिल्या मण्यापासून आरंभ करावयाचा असतो. काल किती मणी ओढले, परवा जप का चुकला, याची नोंद माळ ठेवीत नाही.

ॲप मात्र ही नोंद ठेवते. सलग किती दिवस नियम पाळला याचा आकडा ते वाढवीत नेते आणि एक दिवस खाडा झाला की पुष्कळदा तो शून्यावर आणते. चाळीस दिवस नेमाने चाललेल्या माणसाला एका तापाच्या दिवसानंतर आपले सर्व श्रम वाया गेले असे वाटू लागते व तो चालणेच सोडून देतो. शून्यावर येतो तो पडद्यावरचा आकडा. शरीराला झालेला लाभ नव्हे.

ॲपमधील प्रचलित उद्दिष्टांचे मूळही तपासून पाहावे. दहा हजार पावलांचा दंडक १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावावरून रूढ झाला. वैद्यकीय संशोधनातून तो निघालेला नव्हता. अमेरिकेतील १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दररोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांच्या पुढे त्यात आणखी घट दिसली नाही.

एकवीस दिवसांत सवय जडते, ही समजूतही अशीच पसरलेली आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या शल्यविशारदाने १९६० साली लिहिले ते इतकेच की, बदललेल्या चेहऱ्याला सरावण्यास रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे ‘किमान’ हा शब्द गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींना जेवणाबरोबर फळ खाणे किंवा थोडे धावणे यांसारखी एकेक कृती निवडावयास सांगितली. त्यांच्या अभ्यासानुसार, कृती अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवस होता. मात्र व्यक्तीव्यक्तींत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत विशेष बाधा आली नाही, असेही त्यांना आढळले.

यावरून ॲप वापरण्याची रीत ठरविता येते. एका वेळी एकच सवय निवडावी. पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ नोंद करावी. कोणी रोज तीन हजार पावले चालत असेल, तर त्याने साडेतीन हजारांचे उद्दिष्ट ठेवावे. कृती एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी जोडावी : सकाळच्या चहानंतर, किंवा कचेरीतून परतल्यावर. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने २०२१ साली काढलेल्या ‘वाय-ब्रेक’ ॲपमध्ये कामाच्या जागी करावयाचे योगाभ्यास अवघ्या पाच मिनिटांचे आहेत. आरंभाला एवढे माप पुरेसे असते. सलग दिवसांचा आकडा बंद करता येत असेल तर बंद करावा, आणि हिशेब आठवड्याचा पाहावा. सातांपैकी पाच दिवस साधले, तर तो आठवडा चांगला गेला असे समजावे.

ॲपच्या मर्यादाही ओळखून असावे. मोबाइल घरी ठेवून टाकलेली पावले तो मोजत नाही. खर्च झालेल्या उष्मांकांचा त्याचा आकडा अंदाजाचा असतो. घरात आजारपण आहे की रात्रपाळी चालू आहे, हे त्याला ठाऊक नसते. हृदयविकार, मधुमेह किंवा दीर्घकाळची निद्रानाशाची तक्रार असल्यास सल्ला वैद्यांचाच घ्यावा.

काही महिन्यांनी मोबाइल बाजूला ठेवून आठवडाभर तीच कृती करून पाहावी. ती आपोआप घडू लागली असेल, तर ॲपचे काम संपले. घडत नसेल, तर उद्दिष्ट आणखी लहान करून पुन्हा पहिल्या मण्यापासून आरंभ करावा.