अर्क फवारला, तरी अळ्या जिवंत!

प्रश्न : हैदराबादेत गच्चीवरच्या टोमॅटोवर निंबोळी अर्क फवारला, पण पाने खाणाऱ्या अळ्या दोन दिवसांनीही मेल्या नाहीत. अर्क कुचकामी आहे का?

उत्तर : मुळीच नाही. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन अळीला तत्काळ मारत नाही. ते तिची भूक घालवते आणि कात टाकवणाऱ्या संप्रेरकाचे काम बिघडवते. अळी वळवळते, पण वाढत नाही, म्हणून पानांचे नुकसान मोजावे. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम गरपूड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. उन्हात अझाडिरॅक्टिन टिकत नाही, त्यामुळे वेळ संध्याकाळचीच.

सीताफळाच्या बियांतली अ‍ॅसिटोजेनिनेही कीटकनाशक आहेत; ती पेशींची ऊर्जानिर्मिती रोखतात. हैदराबादेत सीताफळे मुबलक, तरीही बियांची पूड घरी कधीही करू नये. ती डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते.