हिवाळ्यातील उदासी आणि न सोसणारा उजेड

आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांची मुले आज कॅनडात, इंग्लंडात आहेत. तिथे डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधारते. दिवस आखडला की कोंबड्या अंडी कमी घालतात, हे आपण जाणतो. माणसाच्या मनावरही उजेडाचा परिणाम होतो. काहींची झोप वाढते, सारखे गोड खावेसे वाटते, मन खचते. वसंतात हे निवळते. १९८४ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले.

यावर उपाय म्हणजे सकाळी उठल्यावर १०,००० लक्स उजेडाच्या खास दिव्यासमोर अर्धा तास बसणे. परंतु प्रखर उजेडाने ज्यांचे डोके दुखते, त्यांनी असे करावे :

१. दिवा समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवावा. त्याकडे टक लावून पाहू नये.

२. पाच मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवावा.

३. तरीही न सोसल्यास २,५०० लक्सचा सौम्य उजेड दोन तास घ्यावा.

४. अतिनील किरण गाळणाराच दिवा घ्यावा.

५. सकाळी बाहेर फिरावे. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

डोळ्याच्या पडद्याचा विकार, मधुमेह, अर्धशिशी किंवा उन्मादाचे झटके असल्यास, तसेच डॉक्सिसायक्लिनसारखे औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उदासी म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. फोनवर आपण "जेवलास का?" विचारतो, तसेच "सकाळी उजेडात बसलास का?" हेही विचारू या.